बेसबॉलमधला स्ट्राइक झोन: अंपायरवर ओरडण्याआधी काय आणि कसं बघायचं

अमेरिकेत नवीन आलात, ऑफिसातल्या कुणीतरी मॅचला नेलं, आणि तिसऱ्या इनिंगला अचानक सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं, बॅटर हेल्मेट आपटतोय, डगआउटमधून एक साठीचा माणूस तावातावाने मैदानात येतोय, आणि तुम्हाला कळतच नाही की झालं काय, कारण चेंडूला तर बॅट लागलीच नाही. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला फटका कळतो, कॅच कळतो, पण न मारलेल्या चेंडूवर एवढं भांडण कशाला हे कळत नाही. आणि खरं सांगू का, बेसबॉलचा जीव त्या न मारलेल्या चेंडूतच आहे. ते कळलं की मॅच वेगळीच दिसायला लागते, म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो त्या क्रमाने लिहितोय.

१. आधी चार शब्द पक्के करा

पिचरने टाकलेला चेंडू बॅटरने सोडला, तर प्लेटमागचा अंपायर दोनपैकी एक सांगतो, स्ट्राइक किंवा बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, चार बॉल झाले की बॅटरला पहिला बेस फुकट, त्याला वॉक म्हणतात. म्हणजे 'बॉल' हा शब्द इथे निकालाचा आहे, आपल्या वाइडसारखा. गोंधळ नको म्हणून या लेखात फेकायच्या वस्तूला मी चेंडूच म्हणतोय.

स्कोअरबोर्डवर २-१ असं दिसतं तो काउंट. पहिला आकडा बॉलचा, दुसरा स्ट्राइकचा. इथे नवीन माणूस हमखास उलटं वाचतो.

२. झोन नक्की कुठे असतो

बॅटरच्या पुढ्यातली, जमिनीतली पांढरी पाचकोनी होम प्लेट १७ इंच रुंद असते. आपल्या तीन स्टंपांची रुंदी ९ इंच, म्हणजे जवळजवळ दुप्पट. झोनची रुंदी तेवढीच. उंची मात्र प्रत्येक बॅटरची वेगळी. नियमपुस्तकाप्रमाणे वरची रेघ म्हणजे खांदा आणि पँटचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, आणि खालची रेघ गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या खळग्याशी, तेही बॅटर मारायच्या तयारीत उभा असताना. चेंडूचा कुठलाही भाग या जागेच्या कुठल्याही भागाला शिवला की स्ट्राइक. आख्खा चेंडू आत यायची गरज नाही, नुसती कड घासली तरी पुरे.

आणि हा झोन कागदासारखा सपाट नाहीये, प्लेटवर उभा केलेला एक खांबच समजा, त्याला खोली आहे. एखादा वळणारा चेंडू प्लेटच्या पुढच्या काठाला गुडघ्याच्या उंचीवर झोनमधून जातो आणि प्लेटमागे बसलेल्या कॅचरच्या हातात पोचेपर्यंत पार खाली गेलेला असतो, आपण म्हणतो अरे हा तर जमिनीजवळ पकडला, स्ट्राइक कसा? तर असा. कॅचरने चेंडू कुठे पकडला ते बघून निकाल ठरवायचा नसतो, प्लेटवर तो कुठे होता ते बघायचं. ही एक सवय मोडायला मला एक आख्खा सीझन लागला.

१९५१ साली सेंट लुई ब्राउन्सने एडी गेडेल नावाचा ३ फूट ७ इंचाचा माणूस बॅटिंगला उतरवला होता. त्याचा झोन इतका छोटा की पिचरला चारपैकी एकही चेंडू त्यात बसवता आला नाही आणि त्याला वॉक मिळाला. उंचीवर झोन ठरतो म्हणजे काय हे या एका गोष्टीवरून कायमचं लक्षात राहतं.

३. सोबत काय काय लागेल

फार नाही. तिकीट हल्ली बहुतेक मैदानांत फोनवरच असतं, लीगच्या बॉलपार्क अॅपमध्ये, त्यामुळे फोन चार्ज करून न्या आणि तिकीट घरीच उघडून ठेवा, गेटजवळ गर्दीत नेटवर्क मिळत नाही. बॅगेचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे असतात, निघायच्या आधी साइटवर बघा. बऱ्याच ठिकाणी रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं.

झोन शिकायचा असेल तर एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे सगळ्यात मोठी लीग) अॅपमधलं गेमडे उघडून ठेवा, प्रत्येक चेंडू कुठून गेला याचा ठिपका काही सेकंदांत दिसतो. घरी आल्यावर बेसबॉल सॅव्हंट नावाच्या साइटवर प्रत्येक चेंडूची नोंद फुकट बघता येते. बाकी टोपी, पाणी, आणि एप्रिल महिना असेल तर जाड जॅकेट, संध्याकाळी भयंकर गारठतं.

सीट कुठली घ्यायची हे जास्त महत्त्वाचं. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलात तर चेंडू वर होता की खाली हे दिसतं, पण आत होता की बाहेर हे अजिबात दिसत नाही. प्लेटच्या मागे, पण वरच्या मजल्यावर बसलात तर नेमकं उलटं, आत-बाहेर छान कळतं, उंची कळत नाही. प्लेटमागे खालच्या रांगा परवडत नाहीत, वरच्या मजल्याची तिकिटं परवडतात, नवीन माणसाने तिथेच बसावं. न्यूजर्सीत राहत असाल तर ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सची मॅच बघा, न्यूयॉर्क यांकीजची डबल-ए, म्हणजे खालच्या लीगमधली टीम आहे, मोठ्या मैदानाच्या मानाने स्वस्तात प्लेटच्या अगदी जवळ बसायला मिळतं आणि अंपायरचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

४. अंपायरच्या जागी उभं राहून बघा

पिचर ६० फूट ६ इंचांवरून टाकतो. आपली क्रिकेटची पिच २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, आणि शिवाय तिथे चेंडू टप्पा घेतो, वेग कमी होतो. इथे टप्पा नाही. ताशी ९५ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर, हा वेग इथे रोजचा आहे, आणि असा चेंडू पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. एवढ्यात अंपायरने बघायचं की सुमारे तीन इंच व्यासाच्या त्या चेंडूची कड एका न दिसणाऱ्या खांबाला घासली का.

त्यात अंपायर मधोमध उभा नसतो. तो कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीतून, कॅचरच्या आतल्या खांद्यावरून बघतो, त्यामुळे बॅटरपासून लांबचा, बाहेरचा खालचा कोपरा त्याला सगळ्यात वाईट दिसतो. जास्त भांडणं त्याच कोपऱ्यावरून होतात यात नवल नाही. आणि समोर कॅचर बसलेला, ज्याचं कामच आहे बाहेरचा चेंडू अलगद आत ओढून पकडायचा, म्हणजे तो आतलाच वाटावा. याला फ्रेमिंग म्हणतात. ही लबाडी मानत नाहीत, कसब मानतात. त्या जोरावर काही कॅचर बॅटिंग बेताची असूनही वर्षानुवर्षं टीममध्ये टिकलेत.

एवढं असूनही मोठ्या लीगचे अंपायर शंभरातले नव्वदच्या वर निकाल बरोबर देतात. तरी एका मॅचमध्ये सोडलेले चेंडू दीडशेच्या आसपास असतात, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चुका रोज होणारच.

५. टीव्हीवरच्या चौकोनाचा सापळा

स्क्रीनवर झोनचा तो चौकोन दिसतो आणि आपण सगळे लगेच न्यायाधीश होतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मुख्य कॅमेरा पिचरच्या बरोबर मागे नसतो, बहुतेक मैदानांत थोडा बाजूला असतो, पिचर मध्ये येऊ नये म्हणून, त्यामुळे आत-बाहेरचा अंदाज तिरका येतो. दोन, चौकोन सपाट आहे आणि पुस्तकातला झोन खोल आहे. तीन, ठिपका चौकोनाच्या रेघेला जेमतेम चिकटलेला असेल तर त्यावरून भांडू नका, तो प्रश्न अर्ध्या इंचाचा आहे.

चौकोनाच्या तीन-चार इंच बाहेरचा चेंडू स्ट्राइक दिला, तर मात्र ओरडा.

६. खेळाडू एवढे का चिडतात

मला विचारलं तर सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. बाहेरून वाटतं एका चेंडूचं काय एवढं. पण १-१ काउंट घ्या. पुढचा चेंडू स्ट्राइक दिला तर १-२, बॅटर कोपऱ्यात सापडला, आता त्याला कसाही चेंडू असला तरी बॅट घालावीच लागणार. तोच चेंडू बॉल दिला तर २-१, आता पिचरला झोनमध्ये यावंच लागणार आणि बॅटर टपून बसलाय. कडेवरच्या एका चेंडूने दोन वेगळ्या लढाया होतात. आणि बॅटरने तर आपलं काम बरोबर केलेलं असतं, चेंडू बाहेरचा आहे हे ओळखून सोडलेला असतो, आणि बरोबर ओळखण्याचीच शिक्षा मिळते. हे ज्याला कळलं त्याला ते आपटलेलं हेल्मेट कळतं.

काउंटचा अजून एक खेळ आहे. ३-० असताना अंपायरचा झोन नकळत मोठा होतो, ०-२ असताना छोटा होतो, हे चेंडूंच्या नोंदी तपासून कधीचंच सिद्ध झालंय. माणूस आहे, एका चेंडूने कुणाचा निकाल लावायला हात कचरतो.

दोन गोष्टी सांगतो. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये) यांकीजचा डॉन लार्सन परफेक्ट गेम टाकत होता, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर आउट, एकही बेसवर नाही. सव्विसावा झाला, सत्ताविसावा डेल मिचेल. त्याने शेवटचा चेंडू सोडला आणि अंपायर बेब पिनेलीने हात वर केला, स्ट्राइक तीन. वर्ल्ड सिरीजमध्ये दुसरा परफेक्ट गेम आजवर झालेला नाही. मिचेल पुढे नेहमी म्हणत राहिला की तो चेंडू बाहेर होता. आता २ सप्टेंबर १९७२, शिकागो, कब्जचा पिचर मिल्ट पापास. सव्वीस बॅटर सलग आउट, सत्ताविसावा लॅरी स्टॉल, काउंट १-२, एक स्ट्राइक हवा. पुढचे तिन्ही चेंडू अंपायर ब्रूस फ्रोमिंगने बॉल दिले. वॉक. परफेक्ट गेम गेला. पापासने पुढचा बॅटर आउट करून नो-हिटर (म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट नाही) पूर्ण केली, पण तो राग त्याने उरलेल्या आयुष्यात कधी सोडला नाही.

एका अंपायरने इतिहासाला कौल दिला, दुसऱ्याने आपल्या डोळ्यांना. मी स्वतः फ्रोमिंगच्या बाजूचा आहे. सत्ताविसाव्या बॅटरचा झोन पहिल्या बॅटरपेक्षा मोठा का असावा? स्टॉलसुद्धा घाम गाळूनच तिथे पोचला होता. पण पापासचं दुःख खोटं आहे असं मी कधीही म्हणणार नाही.

यातूनच मला एक गोष्ट कळली आणि नवीन बघणाऱ्याने हीच आधी शिकावी असं वाटतं, की एका चुकीपेक्षा झोन हलतोय का ते बघा. अंपायर बाहेरचे दोन इंच स्ट्राइक देतोय, ठीक आहे, पण दोन्ही टीमना देतोय का आणि नवव्या इनिंगमध्येही देतोय का? झोन मोठा असला तर खेळाडू जुळवून घेतात. पहिल्या इनिंगला बॉल आणि आठव्या इनिंगला तोच चेंडू स्ट्राइक, हे त्यांना सहन होत नाही. १९९७ ची फ्लोरिडा मार्लिन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्हज ही मॅच अजून निघते. मार्लिन्सचा पिचर लिव्हान हर्नांडेझने १५ स्ट्राइकआउट केले, म्हणजे १५ बॅटर तीन स्ट्राइकवर आउट, अंपायर एरिक ग्रेगचा झोन बाहेरच्या बाजूला इतका पसरला होता की शेवटचा बॅटर फ्रेड मॅग्रिफ ज्या चेंडूवर आउट दिला गेला तो बघून आजही ब्रेव्हजच्या फॅन्सचा जीव जळतो. मॅच मार्लिन्सने २-१ अशी जिंकली. मार्लिन्सवाले म्हणतात झोन दोघांनाही तेवढाच मोठा होता. मी ती पुन्हा पुन्हा बघितलीय, आणि माझं मत असं की दोघांना सारखा असला तरी एवढा मोठा झोन म्हणजे बॅटिंगच काढून घेतल्यासारखं आहे.

७. भांडायचे नियम, हो, त्यालाही नियम आहेत

बॉल-स्ट्राइकवर वाद घालायला जागा सोडून येणं नियमानेच बंद आहे. मॅनेजर (म्हणजे टीमचा मुख्य कोच) त्यासाठी प्लेटकडे निघाला की आधी ताकीद, तरी आला तर हकालपट्टी. खेळाडू मात्र रोज कुरकुरतात, त्याची पद्धत ठरलेली आहे. कॅचर मागे न वळता, पिचरकडे बघत बघत हळूच विचारतो, "कुठे होता तो?" मागे वळून बोलला तर स्टेडियमसमोर अपमान केल्यासारखं होतं. बॅटरने बॅटने मातीत रेघ मारून चेंडू कुठून गेला ते दाखवलं, तर बहुतेक वेळा लगेच बाहेर. आणि "हा कॉल वाईट होता" म्हटलं तर चालून जातं, "तू वाईट आहेस" म्हटलं की संपलं.

मॅनेजर मुद्दाम बाहेर पडायला येतो हेही ओळखायला शिका. आपला बॅटर तापलाय, आता तो काहीतरी बोलेल आणि बाहेर जाईल असं दिसलं की मॅनेजर मध्ये घुसतो, अंपायरचा राग स्वतःवर घेतो, स्वतः बाहेर जातो आणि खेळाडू मैदानात राहतो. ब्रेव्हजचा बॉबी कॉक्स कारकिर्दीत दीडशेहून जास्त वेळा बाहेर काढला गेला, तो विक्रम आहे, आणि त्याच्या खेळाडूंनी त्याच्यावर जीव लावला त्याचं एक कारण हेच.

२०२२ च्या एप्रिलमध्ये फिलीजचा काइल श्वार्बर नवव्या इनिंगला स्ट्राइकआउट दिल्यावर बॅट, हेल्मेट टाकून हातवारे करत होता, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. ते फुटेज बघा. दोन्ही टीमचे चेंडू चुकीचे दिले जातायत हेच तो हातांनी सांगत होता.

८. चॅलेंज कसं चालतं

२०२६ च्या सीझनपासून मोठ्या लीगमध्ये ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक चॅलेंज आलंय, सगळे त्याला एबीएस म्हणतात. निकाल आधी अंपायरच देतो. पटला नाही तर चॅलेंज. प्रत्येक टीमला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं, चुकलं तर एक गेलं. चॅलेंज फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर घेऊ शकतो, लगेच टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारून, डगआउटकडे न बघता. २०१७ ला बेंगळुरूमध्ये आपल्या विदर्भाच्या उमेश यादवने स्टीव्ह स्मिथला पायचीत केलं आणि तो रिव्ह्यूसाठी ड्रेसिंग रूमकडे बघायला लागला, त्यावरून केवढं रामायण झालं आठवतंय ना? तोच नियम.

यंत्रणा आपल्या ओळखीचीच, हॉक-आय. पण एक फरक नीट समजून घ्या. एलबीडब्ल्यूमध्ये चेंडू पॅडला अडलेला असतो आणि पुढचा मार्ग हा अंदाज असतो, म्हणून तिथे 'अंपायर्स कॉल' ठेवलाय. इथे चेंडू खरोखर प्लेटवरून गेलेला असतो, अंदाज नाही, मोजमाप आहे. म्हणून इथे अंपायर्स कॉल नाही, शिवला तर स्ट्राइक, नाही तर बॉल.

सापळा असा की एबीएसचा झोन आणि पुस्तकातला झोन एकच नाहीत. एबीएस खांब बघत नाही, प्लेटच्या मध्यावर उभी केलेली एक सपाट चौकट बघतो. वरची रेघ बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, तो कितीही वाकून उभा राहिला तरी. छापील उंचीप्रमाणे ६ फूट ७ इंचाच्या एरन जजची खालची रेघ सव्वाएकवीस इंचांच्या आसपास येते, ५ फूट ६ इंचाच्या होसे अल्तूव्हेची पावणेअठराच्या आसपास. १९ इंचांवरचा चेंडू अल्तूव्हेला स्ट्राइक आणि जजला बॉल. जजला खालचे चेंडू वर्षानुवर्षं स्ट्राइक दिले गेले, कारण डोळ्याला सरासरी माणसाच्या गुडघ्याची सवय असते, आता निदान त्याला दाद मागता येते. तसंच पुढच्या काठाला झोन घासून खाली जाणारा तो वळणारा चेंडू पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक असूनही एबीएसमध्ये बॉल ठरू शकतो.

२०२५ च्या ऑल-स्टार मॅचमध्ये हे पहिल्यांदा वापरलं तेव्हा टारिक स्कुबलच्या चेंडूवर कॅचर कॅल रालीने हेल्मेटला हात लावला, बॉलचा स्ट्राइक झाला आणि मॅनी मचाडो आउट. मॅच बघताना हाच अंदाज करत जा, आता चॅलेंज घेतील का? पहिल्या इनिंगला ०-० काउंटवर चॅलेंज वाया घालवणारी टीम आठव्या इनिंगला रडते.

कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ पासून पूर्णच मशीनवर सोडलंय, अंपायरला कानात निकाल ऐकू येतो आणि तो फक्त सांगतो. मला चॅलेंजची पद्धत जास्त आवडते, कारण चूक सुधारते आणि फ्रेमिंगसारखं कसबही टिकतं. मशीन आलं की भांडण संपेल असं मात्र समजू नका. २००३ मध्ये पिचर कर्ट शिलिंगने अंपायर तपासायला बसवलेला क्वेसटेकचा कॅमेराच चिडून फोडला होता.

९. मुलाच्या मॅचला गेलात तर

इथे नियमच वेगळा आहे. लिटल लीगमध्ये झोन काखेपासून गुडघ्याच्या वरच्या काठापर्यंत, टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा वर जास्त मोठा. छातीजवळचा चेंडू स्ट्राइक दिला म्हणून ओरडणारे आईबाबा दर शनिवारी दिसतात, आणि बऱ्याच वेळा अंपायर बरोबर असतो.

आमच्या लेकाच्या मॅचला प्लेटमागे पंधरा वर्षांचा एक मुलगा अंपायर होता. कुंपणापलीकडून मोठी माणसं त्याच्यावर ओरडत होती, मीही एकदा आवाज चढवला. पाचव्या इनिंगनंतर त्याने मास्क काढला तेव्हा डोळे लाल झालेले दिसले. त्यानंतर त्या मैदानावर तो मला परत दिसला नाही. माझ्या लेकाने घरी येताना गाडीत विचारलं, "बाबा, त्याला कोण शिकवतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर चौकशी केली, लीगचंच दोन शनिवारांचं शिबिर होतं, मी जाऊन बसलो, आणि प्लेटमागे पहिल्यांदा वाकून उभा राहिलो तेव्हा बारा वर्षांच्या पोराचा चेंडूसुद्धा किती पटकन येतो ते समजलं. तुमच्या लीगमध्ये असं शिबिर असेल तर एकदा तरी जा, हे सगळं वाचून जे कळणार नाही ते तिथे एका दुपारी कळतं.

बाकी मॅचला जाताना पाण्याची एक बाटली जास्त न्या. अंपायरला इथे "ब्लू" म्हणून हाक मारतात, त्यांच्या शर्टाच्या जुन्या रंगावरून. जून महिन्यात मास्क आणि छातीचं पॅड घालून दोन तास उठबशा काढाव्या लागतात. इनिंग बदलताना बाटली त्याच्या हातात द्या, आणि मॅच संपल्यावर हरलो असलो तरी लेकाला सोबत नेऊन "थँक यू, ब्लू" म्हणायला लावा.